बोलेरोचे मागचे पाटे : मार्च ते जुलै २०२३

आमची बोलेरो ऑगस्ट २००८ ची. डिझेल, एमएच ११, आण्णांच्या नावावर. आल्याच्या पिकाला त्या वर्षी चांगला भाव मिळाला होता आणि आण्णांनी शेतीच्या पैशातून घेतलेली ही पहिली आणि एकमेव चारचाकी. आता आण्णा ७४ वर्षांचे आहेत, गाडी मी चालवते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावापासून माझी शाळा २२ किलोमीटरवर आहे. शिवाय आईला महिन्यातून एकदा साताऱ्याला कंबरेच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. २०२३ मध्ये या गाडीचं मागचं सगळं काम आणि पाठोपाठ आरसीचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचं, नूतनीकरण मी केलं. दोन्ही कामं सुरू करताना मला यातलं काहीही माहीत नव्हतं. ज्यांच्या दारात अशीच जुनी पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

पहिला आवाज मार्चमध्ये आला. गतिरोधकावरून मागची चाकं उतरली की डावीकडून ‘खट्’ असा कोरडा आवाज. आधी वाटलं, मागच्या दाराचं कुलूप सैल झालं असेल. दाराला पट्टी लावून बघितली, आवाज तसाच. मग आई म्हणाली, "गाडी डुलायला लागलीय गं, वळणावर पोटात कसंतरी होतंय." ती मागच्या सीटवर डावीकडे बसते. तिचं ऐकून त्याच आठवड्यात गाडी दाखवायला हवी होती. पण परीक्षा, पेपर तपासणी, निकाल यात एप्रिल गेला.

१४ मे, रविवार. आल्याचं बियाणं आणायचं होतं. नऊ पोती, एकेक साठ किलोच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे किलोच्या घरात. मागच्या समोरासमोरच्या सीटा दुमडून पोती रचली आणि निघालो. गावाच्या अलीकडे ओढ्यावरच्या मोरीचा खड्डा चुकवता आला नाही. खालून ‘खडाक्’ असा आवाज आला आणि स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी किंचित तिरकी चालल्यासारखी वाटायला लागली. घरी पोहोचलो. पोती उतरवली तरी गाडी डाव्या अंगाला बसलेलीच राहिली. आण्णांनी खाली वाकून बघितलं, पण चिखलाच्या थरात काही दिसेना.

मंगळवारी जवळच्या गॅरेजात नेली. तिथे मागचा कोपरा दाबून सोडला, गाडी तीनचारदा वरखाली झाली. "शॉकअप गेलेत," असं निदान झालं. डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ होता, म्हणजे ते खोटं नव्हतं. मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकले, ३,२०० रुपये आणि मजुरी ५००. डुलणं खरोखर कमी झालं. पण खटखट होतीच आणि गाडी डावीकडे बसलेलीही तशीच. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "नवीन आहेत, सेट व्हायला वेळ लागेल. अलाइनमेंट करून घ्या." मी मान डोलावून घरी आले. गाडीला काय झालंय हे समोरच्याला नीट विचारायचं तर आपल्याला चार शब्द तरी यायला हवेत आणि त्या दिवशी माझ्याकडे ते नव्हते.

पुढचे पाच दिवस मी तशीच गाडी चालवली. आता खाली काय झालं होतं ते कळल्यावर त्या पाच दिवसांची भीती वाटते. त्यातल्या एका दिवशी आई गाडीत होती.

शनिवारी मागून आलेला एक मोटारसायकलवाला बरोबरीने येऊन ओरडला, "मॅडम, गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललीय!" घरी येऊन गाडी अंगणातल्या कोब्यावर लावली. माझा चुलतभाऊ ट्रॅक्टरची कामं करतो. तो म्हणाला, "ताई, टेप आण." हे माप तुम्हीही घरी घेऊ शकता, एक पैसा लागत नाही. गाडी रिकामी, जमीन सपाट, स्टिअरिंग सरळ, चारही टायरांत हवा सारखी. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायचा. आमच्या गाडीचं माप उजवीकडे ४७ सेंटीमीटर आलं, डावीकडे साडेत्रेचाळीस.

मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घेतलं. बोलेरोचा व्हीलबेस २,६८० मिलिमीटर. उजवीकडे टेप २६८ वर आला. डावीकडे तो २६९ च्या पुढे गेला, जवळजवळ दीड सेंटीमीटर जास्त. आम्ही तीनदा मोजलं. डावीकडे मागचं चाक मागे सरकलं होतं. शॉकअप कितीही खराब झाले तरी चाक मागे जात नाही, एवढं मलाही तेव्हा समजलं.

सोमवारी, २२ मेला, महामार्गालगत पाट्यांचंच काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणायला लागले. तिथे ट्रक आणि पिकअपची रांग असते, आमच्या गाडीला दुपारी दोनला नंबर लागला. मी मापांचा कागद पुढे केला. चाचांनी तो वाचला आणि गाडी न चालवताच म्हणाले, "सेंटर बोल्ट गेला असणार. ही गाडी आता इथून हलवू नका."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण हे समजल्यावर पुढचे सगळे निर्णय मला सोपे गेले. बोलेरोला मागे कॉइल स्प्रिंग नसतात, पाटे असतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या बाकदार पोलादी पट्ट्या. सगळ्यात लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेले कान असतात, त्यांत रबरी बुश बसतात. एक कान चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, थेट जोडलेला असतो आणि दुसरा शॅकलला, म्हणजे हलणाऱ्या कडीला. पाटा दबला की त्याची लांबी वाढते, ती वाढ शॅकल हलून सामावून घेतं. मुख्य पाट्याखाली लहान लहान होत जाणारे पाटे. या सगळ्यांच्या मधोमध आरपार एक बोल्ट जातो, तो सेंटर बोल्ट. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरच्या) भोकात बसतं आणि चाकाची जागा त्यावरून ठरते. पण भार धरून ठेवणं हे त्याचं काम नाही. ते काम दोन यू-बोल्टांचं, जे पाटे आणि ॲक्सल एकत्र आवळून धरतात. यू-बोल्ट सैल झाले की पाटे आत हलायला लागतात, सगळी ओढाताण त्या एवढ्याशा सेंटर बोल्टवर येते आणि तो कापला जातो. तो गेला की ॲक्सल सरकतो.

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, चढवली, चाक काढलं. यू-बोल्टांचे नट गंजून एकजीव झाले होते, शेवटी ते गॅसने कापावे लागले. कापलेले काय किंवा एकदा ओढून काढलेले काय, यू-बोल्ट परत वापरायचे नसतात. पाटे खाली आले आणि चाचांनी ते सुटे करून फरशीवर मांडले. सेंटर बोल्टचे दोन तुकडे निघाले. आणि मुख्य पाट्याखालचा दुसरा पाटा बरोबर मधल्या भोकातून तुटलेला होता.

तो तुकडा मी हातात घेतला, अजून घरी ठेवला आहे. तुटलेल्या कडेचा साधारण अर्धा भाग तपकिरी होता, गंज चढलेला, बोट फिरवलं तर गुळगुळीत. उरलेला अर्धा राखाडी, चकाकता, दाणेदार, साखर फोडल्यासारखा. चाचांनी दाखवलं की तपकिरी भाग म्हणजे जुनी चीर. ती किती तरी महिने, कदाचित वर्षभर, भोकाच्या कडेपासून हळूहळू पसरत होती आणि तिच्यात पावसाचं पाणी जात होतं. चकाकता भाग म्हणजे १४ मेचा ‘खडाक्’. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण मध्यावर असतो आणि नेमकं तिथेच भोक असतं, म्हणून यू-बोल्ट सैल असले की पाटा बहुधा तिथेच तुटतो.

दुसऱ्या दिवशी आण्णांना मुद्दाम घेऊन गेले. त्यांनी तुकडा उलटासुलटा करून बघितला. दर हंगामाला आल्याची पोती याच गाडीतून गेली होती, चार वर्षांपूर्वी पाटे एकदा उघडून बुश बदलले होते आणि त्यानंतर यू-बोल्टांना कुणी पाना लावला नव्हता. आण्णा म्हणाले, "माझ्यामुळंच झालं हे." मी त्यांना म्हटलं, तुमच्याच पोत्यांवर माझं डीएड झालं. त्यावर ते काही बोलले नाहीत, तुकडा मात्र पिशवीत घातला.

आता निर्णय. चाचांनी तीन रस्ते सांगितले. पहिला, तुटलेला पाटा नवा घालायचा आणि बाकीच्यांना कमान द्यायची. सहा हजारांत काम. दुसरा, दोन्ही बाजूंना पूर्ण नवे संच. तिसरा आण्णांचा, एकेक जादा पाटा वाढवायचा, म्हणजे ओझ्याची चिंता नको. चाचांनी जादा पाट्याला स्पष्ट नकार दिला. जादा पाट्याने गाडी मागून उचलली जाते, रिकामी असताना दगडासारखी आपटते आणि पाट्यात न जिरलेला धक्का पुढे चेसिसला आणि आत बसलेल्या माणसाला बसतो. आईची कंबर डोळ्यासमोर आली आणि तो विषय मी संपवला. पोत्यांसाठी भाड्याची पिकअप सांगायची, असं आण्णांकडून कबूल करून घेतलं.

पहिला रस्ताही आमच्यासाठी बंद झाला. मुख्य पाट्याचा मागचा कान आतून झिजून लंबगोल झाला होता आणि उजवीकडचा संच काढून बघितला तर त्याचीही कमान बरीच उतरलेली दिसली. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला पंधरा वर्षांचा पाटा ठेवला तर गाडी पुन्हा तिरकीच उभी राहणार. दोन्ही बाजू एकत्रच करा, हे मी आग्रहाने सांगेन. मधल्या काळात एका ओळखीच्याने सुचवलं होतं की तुटलेला पाटा वेल्डिंग करून घे, दोनशे रुपयांत होईल. कृपा करून असं करू नका. पाट्याचं पोलाद ठरावीक पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-निववून कणखर केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी जातं, सांध्याच्या बाजूची जागा ठिसूळ होते आणि पाटा तिथून पुन्हा तुटतो. तो दारात तुटेल की घाटात, हे आपल्या हातात नसतं.

नव्या संचांसाठी चार दिवस थांबावं लागलं. २७ मेला ते आले, २९ ला बसवले. मी दिवसभर तिथेच स्टुलावर बसून होते. एक गोष्ट मी कधी ऐकली नव्हती, ती लिहिते. बुशमधले बोल्ट चाचांनी आधी फक्त हाताने लावले. गाडी घोड्यांवरून उतरवली, चारही चाकांवर उभी केली, मागून दोनतीनदा दाबली आणि मगच खाली झोपून ते बोल्ट घट्ट केले. गाडी अधांतरी असताना बोल्ट आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुम्ही समोर असाल तर एवढं नक्की बघा. यू-बोल्ट एकदम एका बाजूचे न आवळता तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळले.

खर्च असा : दोन संच १०,४००, चार यू-बोल्ट ७२०, बुश ९६०, शॅकल आणि पिना १,४००, मजुरी २,५००. म्हणजे १५,९८० रुपये. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे ७००. अलाइनमेंट शेवटी केली तीच बरोबर ठरली. मागचा ॲक्सल वाकडा असताना पुढची चाकं कितीही जुळवली तरी उपयोग नसतो. आधीच्या गॅरेजातले ३,७०० धरून एकूण २०,३८०. ते शॉकअप वाया गेले असं मी म्हणणार नाही, ते बदलायचेच होते. फक्त पाटे उघडून बघायच्या आधी बदलायला नको होते.

कोब्यावर पुन्हा टेप लावला. दोन्ही बाजूंना मडगार्डपर्यंत साडेएकोणपन्नास आणि व्हीलबेस दोन्हीकडे २६८.

हे सगळं चालू असतानाच कागदांची धावपळ सुरू होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची १७ ऑगस्ट २०२३ ला संपत होती. गावात सगळे सांगत होते, "पंधरा वर्षं झाली, आता भंगारातच." तसं नाही. दिल्ली परिसरातले नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात गाडी तपासणीत उतरली की पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. उशीर केला तर चारचाकीला दरमहा ५०० रुपये जादा लागतात.

आमच्यापुढे दोन अडथळे होते. गाडीचं कर्ज आण्णांनी २०१३ मध्येच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला. तेव्हाचं बँकेचं पत्र जपून ठेवलं होतं, ते चाललं नाही, नवं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणावा लागला. बँकेत तीन फेऱ्या आणि अकरा दिवस गेले. तुमचं कर्ज फिटलं असेल तर आजच आरसी काढून बघा. दुसरा अडथळा म्हणजे वाहन पोर्टलवर आण्णांचा जुना, बंद पडलेला मोबाईल नंबर होता आणि ओटीपी तिकडेच जायचा. आधी नंबर बदलून घेतला. चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे पदोपदी लागतात, ते मी मोबाईलमध्ये लिहूनच ठेवले होते.

शाळा १५ जूनला उघडली. १९ जूनला सोमवारी रात्री बसून फॉर्म २५ चा अर्ज भरला. नूतनीकरणाचं शुल्क ५,०००, स्मार्ट कार्डचे २००. एप्रिल २०२२ च्या आधी हेच शुल्क ६०० होतं, त्यामुळे जुने अनुभव वाचून पैशांचा अंदाज बांधू नका. डिझेल गाडीचा पर्यावरण कर तेव्हा पाच वर्षांसाठी ३,५०० होता. मिळून ८,७००. विमा आणि पीयूसी चालू असायलाच हवेत. आमची पीयूसी संपायला चार दिवस होते, म्हणून आधीच नवी काढली.

तपासणीची तारीख २७ जून मिळाली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आण्णाही हट्टाने बरोबर आले. आदल्या दिवशी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं तपासलं आणि चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो ती जागा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केली. हे घरूनच करून जा, तिथे चिखल खरवडत बसावं लागत नाही. साडेदहाला पोहोचलो, सव्वाबाराला नंबर लागला. निरीक्षकांनी नंबर पडताळला, ब्रेक लावून बघितले, दिवे बघितले. मग मागे जाऊन वाकले, नवे काळे पाटे बघितले आणि विचारलं, "काम कधी केलं?" मी तारीख सांगितली आणि बिल पुढे केलं. त्यांनी बिल घेतलं नाही, म्हणाले, "यू-बोल्ट परत आवळून घ्या हजार किलोमीटरच्या आत." चाचांनीही अगदी हेच सांगितलं होतं. नवे पाटे भाराखाली एकमेकांवर नीट बसतात आणि सुरुवातीची घट्टी थोडी सैल पडते.

२९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती. चाचांचं दुकान बंद आणि आमच्या घरी उपवास. १ जुलैला, शनिवारी शाळा सुटल्यावर, गेले. नव्या पाट्यांवर ८४० किलोमीटर झाले होते. चाचांनी पान्याला पाईप लावला. डावीकडचे नट जवळजवळ पाव फेरा फिरले, उजवीकडचे थोडे कमी. पैसे घेतले नाहीत, ईदची खीर मात्र दिली. पाट्यांवर जळकं ऑइल मारायचं का, असं विचारलं, कारण आमच्याकडे पावसाळ्याआधी तसं करायची पद्धत आहे. ते नको म्हणाले. ऑइल रबराच्या बुशला खातं आणि त्यावर धूळ चिकटून पाट्यांमध्ये घासकाम सुरू होतं. चिखलातून आलात की पाण्याने धुवा, एवढंच पुरे.

नवी आरसी २४ जुलैला टपालाने आली. मुदत १७ ऑगस्ट २०२८ पर्यंत, आणि बँकेच्या नावाची ओळ गेलेली. आण्णांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि जुन्या कागदांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, जिच्यात तो पाट्याचा तुकडाही आहे. त्याच आठवड्यात आईला साताऱ्याला नेलं. पाऊस होता, रस्त्याला नवे खड्डे पडले होते. कोरेगाव सोडलं तेव्हा ती बोलत होती. मागे आवाज येईना म्हणून आरशात बघितलं, तर डावीकडच्या खिडकीला डोकं टेकून तिला झोप लागली होती.